जंतूंच्या हातीं कोळ्याचें रेशीम

दिवाळीच्या आधीं घर झाडावयास काढलें म्हणजे पहिला मोर्चा वळतो तो कोळिष्टकांकडे. लांब काठीला फडकें बांधून आढ्याचा, माळ्याचा आणि तसबिरींमागचा कोपरा न् कोपरा पुसून घेतला जातो, आणि कोळ्याची सारी मेहनत काजळीबरोबर केरांत जाते. त्या केरांतल्या धाग्याच्या जातीचा धागा आपल्याला तयार करतां यावा म्हणून जपान, जर्मनी, स्वीडन आणि अमेरिका येथील विद्वान गेलीं तीस-पस्तीस वर्षें खपत आहेत, असें कोणी सांगितलें, तर काठी हातीं घेतलेल्या गृहिणीला ती आपली थट्टाच वाटेल. पण ही थट्टा नव्हे. कोळ्याच्या पोटांत जें रेशीम तयार होतें तें कोळ्यावांचून, मोठमोठ्या टाक्यांत वाढविलेल्या सूक्ष्म जंतूंकडून करवून घेण्याची विद्या आज मनुष्यास अवगत झाली आहे. ती कितपत साधली आहे आणि कोठें अडली आहे, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम या धाग्याची योग्यता पाहिली पाहिजे. कोळी एकच एक सूत काढतो, अशी सामान्य समजूत असते. ती बरोबर नाहीं. चाकासारखें गोल जाळें विणणाऱ्या मादीच्या पोटांत रेशमाच्या निरनिराळ्या सात प्रकारच्या ग्रंथि असूं शकतात, आणि प्रत्येकीचें रेशीम वेगळ्या कामाचें असतें. जाळ्याची चौकट आणि आरे एका रेशमाचे, भक्ष्य अडकविणारीं वेटोळीं दुसऱ्या रेशमाचीं, अंड्यांची पिशवी तिसऱ्याची. यांपैकीं चौकटीचें रेशीम विशेष बळकट. कोळी छपरावरून खालीं उतरतो तो याच धाग्याला लोंबकळून. पावसाळा सरतांना सह्याद्रीच्या रानवाटांवर दोन झाडांमध्यें पसरलेलीं मोठमोठीं सोनेरी जाळीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पायांसकट तळहाताएवढी दिसणारी ती काळी-पिवळी मादी नेफिला या कोळ्याची. तिचें जाळें अवचित तोंडावर आलें तर चालणाऱ्याला क्षणभर थबकावें लागतें, इतकें तें चिवट असतें. तिच्याच जवळच्या नात्यांतल्या एका अमेरिकन कोळ्यावर या विद्येचा पाया रचला गेला आहे.

चौकटीचा एक धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतो. असे असंख्य धागे एकत्र करून एक चौरस मिलिमीटर जाडीची दोरी केली, तर ती सुमारें ११० किलोग्रॅम भार तोलील. उत्तम पोलादाची तितक्याच जाडीची तार याहून अधिक भार तोलते. मग ‘कोळ्याचा धागा पोलादाच्या पांचपट बळकट’ असें जें वारंवार छापून येतें तें खोटें काय? खोटें नाहीं, पण अर्धवट आहे. पोलाद रेशमाच्या सहापट जड असतें. सारख्याच वजनाचें पोलाद आणि रेशीम तुलनेला घेतलें, म्हणजे मग रेशीम चौपट-पांचपट वरचढ ठरतें. परंतु त्याचा खरा गुण निराळाच आहे. हा धागा तुटण्यापूर्वीं आपल्या लांबीच्या सुमारें पाव हिश्शानें ताणला जातो, आणि आदळणाऱ्या माशीचा सारा जोर स्वतःमध्यें जिरवितो. बंदुकीच्या गोळीपासून बचाव करणारीं चिलखतें ज्या केव्हलार नांवाच्या कृत्रिम तंतूचीं करतात, तो तंतु नुसत्या बळानें कोळ्याच्या धाग्याच्या तिप्पट भरतो; पण तुटेपर्यंत किती धक्का सोसला हें मोजूं गेलें, तर कोळ्याचा धागाच केव्हलारच्या तिप्पट ठरतो. बळकटपणा आणि लवचिकपणा हे दोन गुण एका ठिकाणीं क्वचित् नांदतात. येथें ते नांदतात.

असा धागा असतां मनुष्यानें रेशमाचे किडे पाळले तसे कोळी कां पाळले नाहींत? प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. फ्रान्समध्यें माँपेलिये येथील बों द सेंतिलेर या गृहस्थानें १७०९ च्या सुमारास कोळ्यांच्या अंड्यांवरील कोशांचें सूत काढून त्याचे पायमोजे व हातमोजे विणविले आणि ते पॅरिसच्या विज्ञानसभेच्या दृष्टीस आणले. सभेनें या उद्योगाची शक्याशक्यता तपासण्याचें काम रेओम्यूर या नामांकित शास्त्रज्ञाकडे सोंपविलें. त्याचा निर्णय प्रतिकूल पडला. तुतीचा पाला टाकला कीं हजारों रेशमी किडे एका सुपांत गुण्यागोविंदानें नांदतात. कोळी एकत्र कोंडले तर एकमेकांस खाऊन टाकतात. प्रत्येकास वेगळी कोठडी आणि जिवंत किड्यांचा खुराक देणें कोणास परवडणार?

यानंतर तीनशें वर्षांनीं मादागास्कर बेटांत सायमन पिअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनीं रानांतले कोळी धरून आणून त्यांचें सूत ओढून घेण्याची जुनी रीत पुन्हां सुरू केली. दहा लाखांवर माद्या आणि सुमारें चार वर्षांचे श्रम खर्चीं पडले, तेव्हां कोठें ११ फूट लांब व ४ फूट रुंद असें एक सोनेरी वस्त्र सिद्ध झालें. तें २००९ सालीं न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत मांडलें गेलें. वस्त्र अप्रतिम होतें; पण त्यानें रेओम्यूरचा निर्णयच खरा ठरविला. कोळी पाळून रेशमाचा धंदा होणें नाहीं.

हा केवळ वस्त्रांच्या हौसेचा प्रश्न असता तर गोष्ट येथेंच संपली असती. पण या धाग्याची गरज दुसरीकडेही आहे. जर्मनींतील हानोव्हर येथील शल्यवैद्यांनीं मेंढ्यांच्या पायांतील मज्जातंतूचा ६ सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढून टाकला आणि त्या मोकळ्या जागेंत कोळ्याच्या धाग्यांचा पूल बांधला. वेलीनें मांडवाच्या दोरीवरून सरकावें त्याप्रमाणें मज्जातंतूचीं टोकें त्या धाग्यांच्या आधारानें वाढत गेलीं, आणि तुटलेला मार्ग पुन्हां जोडला गेला, असें त्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. अपघातांत हातापायांची शक्ति गमावलेल्या माणसाला या गोष्टीचा अर्थ काय आहे, हें सांगावयास नको. परंतु तो धागा खऱ्या कोळ्यांच्या अंगांतून ओढून काढलेला होता. अशा रीतीनें किती रुग्णांस पुरेल एवढा धागा जमविणार? येथें कोळ्याला वगळून त्याचें रेशीम मिळविण्याचा मार्ग शोधणें भाग पडतें.

तो मार्ग असा. रेशीम हें एक प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लें या नांवाच्या लहान रेणूंची लांबच लांब माळ. मण्यांच्या जाति वीस. त्यांतला कोणता मणि कोणामागून ओवावयाचा, याचा लेखी हुकूम सजीवाच्या पेशींत जपून ठेवलेला असतो. त्या हुकुमालाच जनुक म्हणतात. विशेष हें कीं या हुकुमाची लिपि सर्व सजीवांत जवळजवळ एकच आहे. म्हणून एका प्राण्याच्या पेशींतला हुकूम जंतूच्या पेशींत नेऊन ठेवला, तर जंतूला तो वाचतां येतो, आणि तो निमूटपणें तशी माळ ओवूं लागतो. मधुमेहाच्या रोग्यांस लागणारें मानवी इन्सुलिन १९७८ सालीं अमेरिकेंत याच युक्तीनें जंतूंकडून करवून घेतलें गेलें, आणि १९८२ पासून तें औषध म्हणून मिळूं लागलें. तोंपर्यंत इन्सुलिन मिळे तें गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें. जें इन्सुलिनच्या बाबतींत साधलें तें रेशमाच्या बाबतींत कां साधूं नये, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनांत येणें साहजिकच होतें.

कोळ्याच्या चौकटीच्या रेशमाचा हुकूम अंशतः वाचून प्रसिद्ध केला तो अमेरिकेंतील वायोमिंग विद्यापीठाच्या शू व लुईस या संशोधकांनीं, १९९० सालीं. त्यावरून या माळेची रचना कळूं लागली. तींत दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. पहिल्या तुकड्यांत ॲलानिन नांवाचे मणि एका ओळीनें असतात. ते शेजारच्या माळेंतल्या आपल्या जातभाईंस घट्ट बिलगतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनतात. धाग्याचें बळ तें यांचें. दुसऱ्या तुकड्यांत ग्लायसिन नांवाच्या मण्यांचा भरणा असतो. हे तुकडे स्फटिकांच्या मधल्या जागेंत सैल गुंतवळासारखे पडून राहतात आणि ताण पडला कीं उलगडतात. लवचिकपणा तो यांचा. हीच जोडी पुन्हां पुन्हां येऊन तीन हजारांहून अधिक मण्यांची माळ होते.

प्रत्यक्ष कृति वरवर पाहतां सोपी आहे. आतड्यांत राहणारा ई. कोलाय नांवाचा जंतु आहे; त्याचा प्रयोगशाळेंत वाढविलेला निरुपद्रवी वाण घेतात, किंवा पाव फुगविण्यास व मद्य आंबविण्यास जें वापरतात त्याच्या जातीचें यीस्ट घेतात. त्याच्या पेशींत रेशमाचें जनुक घालतात. मग पोलादी टाकींत साखर, क्षार आणि हवा पुरवून त्याची वाढ करतात. अनुकूल परिस्थितींत या जंतूच्या एकाचे दोन होण्यास वीस मिनिटें पुरतात. तेव्हां एका रात्रींत त्यांची संख्या केवढी होत असेल याचा हिशेब कोणा हुशार विद्यार्थ्यानें अवश्य करून पाहावा. शेवटीं पेशी फोडून त्यांतलें रेशमाचें प्रथिन वेगळें काढून सुकविलें, म्हणजे एक भुकटी हातीं येते. तिच्यांत जिवंत जंतु उरलेला नसतो.

पण व्यवहारांत पहिली अडचण माळेच्या लांबीची आली. एकच ओळ शंभर वेळां उतरून काढावयास सांगितली तर मुलाची नजर चुकते आणि मधल्या चार ओळी गळतात. जंतूचेंही तसेंच होतें. एकसारखे तुकडे पुन्हां पुन्हां येणारें जनुक पुढच्या पिढ्यांकडे जातां जातां आखूड होऊं लागतें. दुसरी अडचण छापखान्यांतल्या जुळाऱ्याला चांगली समजेल. ज्या मजकुरांत दर दुसरें-तिसरें अक्षर ‘ग’ आहे तो मजकूर जुळवावयास दिला, तर ‘ग’ च्या खिळ्यांचा खण रिकामा होऊन काम अडेल. कोळ्याच्या रेशमांत निम्म्याच्या आसपास मणि ग्लायसिनचे असतात. सामान्य जंतूजवळ तेवढ्या ग्लायसिनची आणि तें वाहून आणणाऱ्या हमालांची तरतूद नसते. मग तो माळ अर्धीच सोडून देतो.

दक्षिण कोरियांतील शास्त्रज्ञ सांग यूप ली आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं नेमका हाच खण भरला. ग्लायसिन वाहणाऱ्या रेणूंचा पुरवठा जंतूमध्यें वाढवितांच तो खऱ्या कोळ्याच्या माळेएवढी लांब माळ पुरी करूं लागला. तिच्यापासून काढलेला धागा चौरस मिलिमीटरला सुमारें ५२ किलोग्रॅम भार तोलूं शकला, म्हणजे अस्सल धाग्याच्या निम्मा. पुढें २०१८ सालीं अमेरिकेंतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत याहून चतुर युक्ति निघाली. जंतूंकडून अर्ध्या-अर्ध्या माळा ओववून घेतल्या, आणि त्यांच्या टोकांना अशी कडी बसविली कीं दोन अर्धीं एकत्र येतांच सांधलीं जावींत आणि कडी आपोआप गळून पडावी. अशी दुप्पट लांब माळ वापरून केलेल्या धाग्यानें सुमारें १०५ किलोग्रॅम भार तोलला. अस्सल धाग्याच्या बरोबरीला मनुष्याचा धागा आला. अर्थात् हें यश प्रयोगशाळेच्या मापाचें होतें; गिरणीच्या मापाचें नव्हे.

तथापि माळ मिळाली म्हणजे धागा मिळाला असें होत नाहीं, आणि या साऱ्या विद्येचें मर्म येथेंच आहे. आजीची वही हातीं आली, तींत पुरणपोळीचें सगळें प्रमाण लिहिलेलें आहे, म्हणून पहिल्याच दिवशीं आजीच्या हातची पोळी होत नाहीं. जिन्नस तेच असतात. हात तो नसतो. कोळ्याच्या ग्रंथींत हें प्रथिन पाण्यांत विरघळलेल्या दाट पाकाच्या रूपांत असतें. तेथें तें गोठत नाहीं, गुठळ्या धरीत नाहीं. मग एका लांब, वळणाच्या आणि निमुळत्या होत जाणाऱ्या नळींतून तो पाक पुढें सरकतो. वाटेंत त्यांतले क्षार बदलतात, पाणी शोषलें जातें आणि आंबटपणा वाढत जातो. माळेच्या दोन्ही टोकांना जे विशेष तुकडे असतात ते या आंबटपणानें जागे होतात. एक टोक शेजारच्या माळेचा हात धरतें, दुसरें टोक उलगडून स्फटिकांची सुरुवात करून देतें. तेवढ्यांत कोळी आपल्या पायांनीं किंवा नुसत्या शरीराच्या भारानें धागा ओढतो, आणि त्या ओढीनें सगळ्या माळा एका दिशेनें रांगेंत येतात. क्षणापूर्वीं जो पाण्यांतला पाक होता तो पाण्यांत न विरघळणारा धागा होऊन बाहेर पडतो. भट्टी नाहीं, विषारी द्रव नाहीं, कढत पाणीसुद्धां नाहीं.

शास्त्रज्ञांची प्रथम या ठिकाणीं तारांबळ उडाली. भुकटी पाण्यांत नीट विरघळेना. म्हणून तिला तीव्र द्रावकांत विरघळवून अल्कोहोलच्या कुंडांत तिचा धागा ओढावा लागे. वर सांगितलेला कोरियांतील धागाही तसाच काढलेला होता. स्वीडनमधील आना रायसिंग आणि यान योहान्सन यांच्या मंडळीनें मात्र प्रथम नळीचा अभ्यास केला. तिच्यांत आंबटपणा कोठें किती वाढतो हें सूक्ष्म उपकरणांनीं मोजून २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. मग त्यांनीं एक आखूड माळ मुद्दाम घडविली: एक टोक आफ्रिकेंतल्या कोळ्याचें, दुसरें आशियांतल्या कोळ्याचें, आणि मधला भाग अगदीं थोडा. ही माळ कोळ्याच्या पाकाइतकीच दाट होऊनही पाण्यांत विरघळलेली राहिली, आणि बारीक कांचेच्या नळींतून आंबट पाण्यांत सोडतांच तिचा धागा झाला. एक लिटर जंतूंच्या काढ्यांतून निघालेल्या प्रथिनाचा एक किलोमीटर लांब धागा त्यांनीं २०१७ सालीं काढून दाखविला. माळ आखूड असल्यामुळें बळांत तो अस्सल धाग्याच्या पुष्कळच मागें होता. एकाला लांब माळ साधली पण कोळ्याची रीत साधली नाहीं. दुसऱ्याला रीत साधली पण लांब माळ साधली नाहीं. दोन्हीं गोष्टी एकाच वेळीं, भरपूर आणि स्वस्त साधणें, हेंच पुढचें कोडें होय.

बाजारांत या विद्येची वाटचाल कशी झाली, तेंही बोधप्रद आहे. जपानांतील त्सुरुओका गांवीं २००७ सालीं स्पायबर ही कंपनी निघाली, आणि २०१५ सालीं तिनें कृत्रिम कोळी-रेशमाच्या एका थंडीच्या कोटाचा नमुना जगापुढें मांडला. पण कोटाला पाऊस लागणारच, आणि कोळ्याच्या चौकटीच्या धाग्याला एक खोड आहे: तो भिजला कीं आखडतो, कांहीं जातींचा तर जवळजवळ निम्मा होतो. कोळ्याच्या जाळ्याला हें सोयीचें असेल, कोटाला नाहीं. तेव्हां कंपनीला माळेंतील मण्यांची रचनाच बदलावी लागली, आणि २०१९ सालीं अवघे ५० कोट विक्रीस निघाले. २०२२ सालीं थायलंडमध्यें तिचा मोठा कारखाना सुरू झाला; पण तेथील प्रथिनाला कोळ्याचें रेशीम म्हणणें कंपनीनेंही सोडून दिलें होतें. अमेरिकेंतील बोल्ट थ्रेड्स या कंपनीनें यीस्टकडून केलेल्या रेशमाचे ५० गळपट्टे २०१७ सालीं विकले. पुढें तिनें आपलें रेशीम सौंदर्यप्रसाधनांत घालावयास प्रारंभ केला. म्युनिकजवळ २००८ सालीं स्थापन झालेल्या एएमसिल्क कंपनीनेंही प्रसाधनें आणि शरीरांत बसवावयाच्या वस्तूंवरील मुलामा या वाटा धरल्या. जेथें थोडें प्रथिन पुरतें आणि धाग्याच्या बळाची कसोटी लागत नाहीं, तेथें ही विद्या आधीं रुजली, हें यावरून दिसून येईल.

म्हणून ‘पोलादापेक्षां बळकट’ अशी जाहिरात वाचली तर सुज्ञ गृहस्थानें दोन प्रश्न विचारावेत. हें बळ कोळ्याच्या धाग्याचें कीं टाकींतल्या धाग्याचें? आणि टाकींतल्या धाग्याचें असेल, तर तो प्रयोगशाळेंत काढलेला तुकडा कीं दुकानांत विकत मिळणारें कापड? या दोन प्रश्नांनीं बरेंचसें धुकें निवळेल. जंतु फुकट राबत नाहींत हेंही विसरतां कामा नये. त्यांना साखर लागते, आणि ती शेतांतूनच यावयाची. टाक्यांना वीज लागते. प्रथिन शुद्ध करण्यास खर्च येतो. नायलॉनसारख्या स्वस्त तंतूशीं किंमतींत झुंजणें सोपें नाहीं.

मग एवढा खटाटोप कशासाठीं? नायलॉन १९३८ सालीं जाहीर झालें, आणि तेव्हांपासून कृत्रिम तंतु म्हणजे खनिज द्रव्य, मोठी उष्णता आणि वर्षानुवर्षें न कुजणारा कचरा, असें समीकरण होऊन बसलें आहे. दुसरी रीत असूं शकते, याची साक्ष प्रत्येक घराच्या कोपऱ्यांत लोंबत आहे. माशांवर पोट भरणारा एक यःकश्चित् जीव नुसतें पाणी, प्रथिन आणि थोडी ओढ यांवर असा तंतु काढतो कीं ज्याची सर मनुष्याच्या गिरणीला अजून आलेली नाहीं. गिरणीनें ती रीत उचलली, तर कपड्यांचाच नव्हे, तुटलेल्या मज्जातंतूंचाही प्रश्न सुटण्याचा संभव आहे. मनुष्यानें त्याचा हुकूम वाचला, तो जंतूंकडून लिहवूनही घेतला. विणण्याचा हात मात्र तो अजून त्या कोळ्याकडूनच शिकत आहे.

दिवाळीला घर झाडावें लागेलच, आणि कोळिष्टकेंही काढावीं लागतील. फक्त काठी फिरविण्यापूर्वीं मुलांना क्षणभर जवळ बोलावून त्या धाग्यावर हलकेच फुंकर घालून दाखवावी. तो वाकेल, ताणला जाईल, आणि पुन्हां जागेवर येईल. तो कां तुटला नाहीं, हा प्रश्न त्यांच्यापैकीं एखाद्याच्या मनांत उरला, तरी त्या वर्षीची झाडलोट सार्थकीं लागली असें समजावें.